डीओनंतरची रेसिडेन्सी: दार कुठे उघडतं ते आधी बघा

अमेरिकेत आज वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांपैकी किमान एक जण ऑस्टिओपॅथिक कॉलेजात शिकतो आणि एमडीऐवजी डीओ ही पदवी घेऊन बाहेर पडतो. न्यू जर्सी, मिशिगन, टेक्सास, कॅलिफोर्निया इथल्या मराठी घरांतली मुलंही त्यात आहेत. या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: डीओ केलं तर पुढे एमडीच्या बरोबरीनं करिअर होईल का? पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांना तर त्याच्याही आधीची शंका असते, की हा खरा डॉक्टर आहे ना?

शंकेचं निरसन दोन वाक्यांत होण्यासारखं आहे. अमेरिकेतला डीओ हा पूर्ण परवान्याचा डॉक्टर असतो. सगळ्या राज्यांत तो औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो, अतिदक्षता विभाग सांभाळतो. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1892 मध्ये मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी पहिलं ऑस्टिओपॅथिक कॉलेज काढलं. तिथली हाडं, सांधे, स्नायू हातानं तपासून उपचार करण्याची पद्धत आजही डीओच्या अभ्यासक्रमात साधारण 200 तास शिकवतात, आणि बाकीचं सगळं वैद्यक एमडीचंच असतं. घोटाळा होतो तो ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या ऑस्टिओपॅथमुळे. तिथे हा वेगळा व्यवसाय आहे, ते लोक डॉक्टर नसतात आणि इंटरनेटवर शोधणाऱ्या मामा-काकांना नेमकं तेच आधी सापडतं.

करिअरच्या प्रश्नाला मात्र एवढं सोपं उत्तर नाही. त्याचं उत्तर पदवीत नसून रेसिडेन्सीत, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणात आहे. डीओ डॉक्टर पस्तिशीत कुठे असेल, कोणते रुग्ण बघत असेल, विद्यापीठात शिकवत असेल की लहान गावातलं एकमेव हॉस्पिटल सांभाळत असेल, हे तो कोणत्या कॉलेजात शिकला यापेक्षा तो रेसिडेन्सी कोणत्या शाखेत, कुठे आणि कोणाच्या हाताखाली करतो यावर कितीतरी जास्त ठरतं. एमडीच्या बाबतीतही हे खरं आहे, पण डीओच्या बाबतीत जास्त खरं आहे. मोठ्या विद्यापीठाच्या एमडीला कॉलेजचं नाव थोडंफार तारून नेतं. डीओला ते पाठबळ कमी मिळतं, त्यामुळे त्याची व्यावसायिक ओळख रेसिडेन्सीतच घडते. म्हणून हा निर्णय घाईत, ऐकीव माहितीवर किंवा निव्वळ नावाच्या मोहानं घेतला जातो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

2020 नंतर काय बदललं

2020 पर्यंत अमेरिकेत रेसिडेन्सीचे दोन संसार होते. डीओंची संघटना एओए स्वतःच्या रेसिडेन्सी चालवत असे, त्यांची मॅच, म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं यांच्या याद्या जुळवून जागा वाटण्याची पद्धत, वेगळी, त्या जागा फक्त डीओंसाठी. बाकीच्या रेसिडेन्सींना एसीजीएमई ही संस्था मान्यता देत असे. 2014 मध्ये दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचं ठरवलं आणि जून 2020 मध्ये हे विलीनीकरण पूर्ण झालं. आता मान्यता एकच आणि बहुसंख्य जागांसाठी मॅचही एकच, एनआरएमपी या संस्थेची.

याचे फायदे उघड आहेत. डीओची रेसिडेन्सी कमी दर्जाची, असं म्हणायला आता जागा उरलेली नाही. फेलोशिपची, म्हणजे रेसिडेन्सीनंतरच्या उपशाखेच्या प्रशिक्षणाची, दारं कागदोपत्री सगळ्यांना सारखीच उघडी आहेत. अलीकडच्या वर्षांत डीओच्या शेवटच्या वर्षातल्या 92 टक्क्यांहून जास्त विद्यार्थ्यांना मॅचमध्ये जागा मिळाली आहे, आणि एमडीच्या आकड्याशी तो फरक एक-दोन टक्क्यांचाच आहे.

पण तोटाही झाला आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ऑर्थोपेडिक्स, त्वचारोग, ईएनटी या शाखांमध्ये जुन्या एओए रेसिडेन्सींत ज्या जागा फक्त डीओंच्या होत्या, त्यांच्यासाठी आता एमडीही अर्ज करतात. काही छोट्या रेसिडेन्सी नव्या निकषांत न बसल्यामुळे बंदच झाल्या. तेव्हा 92 टक्के हा आकडा वाचताना एवढं ध्यानात ठेवा, की तो जागा मिळाल्याचा आकडा आहे. मनासारखी शाखा मिळाली का, हे त्यातून कळत नाही. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, त्वचारोग यांत डीओंची संख्या आजही अगदी थोडी आहे. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, बालरोग, मानसोपचार, इमर्जन्सी, भूल आणि पुनर्वसन वैद्यक या शाखांत मात्र डीओ भरपूर दिसतात, आणि सध्या व्यवसाय करणाऱ्या डीओंपैकी निम्म्याहून अधिक प्राथमिक उपचारांच्या शाखांत आहेत.

महाराष्ट्रातून बघणाऱ्या पालकांनी इथे एक चष्मा काढून ठेवावा. आपल्याकडे नीट-पीजीचा क्रमांक लागतो, त्या क्रमांकाला जी शाखा मिळते ती घ्यायची आणि वरच्या क्रमांकाला मिळते ती शाखा मोठी, असं गणित पिढ्यान् पिढ्या डोक्यात बसलं आहे. अमेरिकेत असा एक क्रमांक नाही. हॉस्पिटल मुलाखत घेतं, शिफारसपत्रं वाचतं, महिनाभर काम करताना बघतं आणि मग आपली यादी लावतं. मुलगाही आपली यादी लावतो. 'एवढे मार्क असताना फॅमिली मेडिसिन का?' हा प्रश्न तिथे गैरलागू आहे. चांगल्या रेसिडेन्सीतून फॅमिली मेडिसिन केलेला डॉक्टर बाळंतपणं करतो, खेळाडूंवर उपचार करतो, हॉस्पिटलात दाखल रुग्ण बघतो. वाईट रेसिडेन्सीतून तीच शाखा केलेला डॉक्टर दिवसभर दुसऱ्यांकडे पाठवण्याच्या चिठ्ठ्या लिहीत राहतो.

पहिलं पाऊल जपून टाका

'आधी मिळेल ते घेऊ, मग शाखा बदलू' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकण्याआधी रेसिडेंटच्या पगारामागचा पैसा कुठून येतो ते माहीत करून घ्या. अमेरिकेत रेसिडेन्सीचा बराचसा खर्च मेडिकेअर म्हणजे केंद्र सरकार हॉस्पिटलला देतं. 1997 च्या कायद्यानं बहुतेक हॉस्पिटलांच्या अशा अनुदानित जागांवर मर्यादा घातली आहे. शिवाय प्रत्येक रेसिडेंटच्या नावावर पूर्ण अनुदानाची ठरावीक वर्षं असतात आणि ती सर्वसाधारणपणे तो ज्या शाखेत पहिल्यांदा पाऊल टाकतो तिच्यावरून ठरतात. फॅमिली मेडिसिन किंवा इंटर्नल मेडिसिनसाठी तीन वर्षं, जनरल सर्जरीसाठी पाच.

समजा एका मुलीनं फॅमिली मेडिसिनचं एक वर्ष केलं आणि मग तिला पाच वर्षांची ऑर्थोपेडिक्स हवीशी वाटली. नव्या हॉस्पिटलला तिच्यासाठी पूर्ण अनुदानाची दोनच वर्षं शिल्लक मिळतात. पुढच्या वर्षांसाठी थेट प्रशिक्षण-खर्चाचं अनुदान निम्म्यावर येतं. हॉस्पिटलला ती खरोखर हवी असेल तर ते हा भार उचलतंही. पण बरोबरीच्या दोन उमेदवारांत कागद कोणाच्या बाजूनं झुकेल हे सांगायला नको. शाखा बदलणं अशक्य नाही आणि चुकीच्या शाखेत आयुष्यभर कुढत राहण्यापेक्षा ते नक्कीच बरं. मात्र 'बदलू की नंतर' हे मनात धरून अर्ज भरू नका.

शाखेची बाजारातली हवा बघून ठरवणंही तितकंच धोक्याचं. 2023 च्या मॅचमध्ये इमर्जन्सी मेडिसिनच्या 554 जागा रिकाम्या राहिल्या. नोकऱ्या कमी होणार या चर्चेनं मुलं बिचकली होती. लगेच पुढच्या वर्षी रिकाम्या जागा 135 वर आल्या. ज्याला रात्रीच्या तीन वाजता आलेला अपघातग्रस्त बघून हुरूप येतो, त्यानं 2023 मध्ये भीतीपोटी ही शाखा सोडली असेल तर ते त्याचं मोठं नुकसान आहे. आणि उलट, जागा सहज मिळतेय म्हणून ज्यानं ती धरली असेल त्याचंही.

गेल्या तीन वर्षांची मुलं आज कुठे आहेत?

शाखा ठरली की कोणती रेसिडेन्सी? इथे माझं मत ठाम आहे. हॉस्पिटलचं नाव, इमारत, शहर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी एकच गोष्ट शोधा: इथून गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेले रेसिडेंट आज काय करताहेत?

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी बहुतेक ठिकाणी रेसिडेंटांबरोबर झूमवर गप्पांचा कार्यक्रम ठेवतात. प्रोग्राम डायरेक्टर त्यात नसतात. तिथे सरळ विचारा, 'मागच्या वर्षी बाहेर पडलेले कुठे गेले?' चांगल्या ठिकाणी उत्तर धडाधड येतं. दोघं आमच्याकडेच कार्डिऑलॉजीला, एक क्लीव्हलँडला पल्मनरीला, तिघं हॉस्पिटलिस्ट, एक तिच्या गावी परत गेली. ज्या ठिकाणी 'आमचे लोक सगळीकडे जातात' एवढंच ऐकू येतं आणि स्क्रीनवरचे चेहरे एकमेकांकडे बघायला लागतात, तिथे दुसरा प्रश्न विचारा: त्यात डीओ किती होते? रेसिडेन्सीच्या वेबसाइटवर सध्याच्या रेसिडेंटांचे फोटो आणि कॉलेजांची नावं असतात. एकही डीओ नसेल तर तुम्ही पहिले व्हाल असं समजायला हरकत नाही, पण अशा ठिकाणांवरच सगळी भिस्त ठेवू नका.

फेलोशिप करायची इच्छा असणाऱ्या इंटर्नल मेडिसिनच्या मुलांसाठी तर हा मुद्दा निर्णायक आहे. रेसिडेन्सी तीन वर्षांची दिसते, पण कार्डिऑलॉजी, गॅस्ट्रो, ऑन्कॉलॉजी यांचे अर्ज दुसरं वर्ष संपतानाच्या जुलैत जातात. म्हणजे हातात खरी दोनच वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष इंटर्नशिपच्या दमछाकीत जातं. उरलेल्या काळात कोणी तरी वरिष्ठ डॉक्टर तुम्हाला ओळखायला हवा, एखादा शोधनिबंध, निदान परिषदेतलं पोस्टर व्हायला हवं आणि पत्र लिहिणाऱ्याचं नाव त्या क्षेत्रात कोणी तरी ऐकलेलं असायला हवं. ज्या हॉस्पिटलात ती फेलोशिप आहेच, तिथे हे सगळं जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात जुळून येतं. जिथे नाही, तिथे ते मुलाला एकट्यानं उभं करावं लागतं.

म्हणून समजा एकीकडे मोठ्या विद्यापीठाचं नाव लावणारं पण शहराबाहेरचं, फेलोशिप नसलेलं लहान संलग्न हॉस्पिटल आहे आणि दुसरीकडे फारसं कोणी नाव न ऐकलेलं, पण स्वतःची कार्डिऑलॉजी आणि क्रिटिकल केअर फेलोशिप असलेलं, वर्दळीचं कम्युनिटी हॉस्पिटल. हृदयविकारतज्ज्ञ व्हायचं असेल तर मी बेलाशक दुसरं वर ठेवायला सांगेन. नातेवाइकांना सांगताना पहिलं भारदस्त वाटेल, ते वाटू द्या. मात्र दुसऱ्या ठिकाणीही एक खात्री करा: तिथली कार्डिऑलॉजी आपल्याच रेसिडेंटांना घेते की दरवर्षी बाहेरच्यांना? फेलोशिप असूनही घरच्यांना दार बंद, असंही काही ठिकाणी असतं.

आकडे तपासायचे तर बोर्ड परीक्षेचे तपासा. इंटर्नल मेडिसिनचं बोर्ड, एबीआयएम, प्रत्येक रेसिडेन्सीतल्या किती जणांना पहिल्या प्रयत्नात यश आलं ते तीन-तीन वर्षांच्या गोळाबेरजेनं जाहीर करतं. फॅमिली मेडिसिन आणि सर्जरीचेही असे निकाल बघायला मिळतात. ज्या ठिकाणी निकाल सारखा घसरतोय तिथे एक तर शिकवायला कोणाला वेळ नाही, नाही तर रेसिडेंटांना वाचायला. रेसिडेन्सीची मान्यता कोणत्या अवस्थेत आहे तेही एसीजीएमईच्या संकेतस्थळावर खुलं असतं: नवीन आहे, नियमित आहे, इशारा मिळालेला आहे की प्रोबेशनवर आहे. नव्या रेसिडेन्सी डीओंना सढळ हातानं घेतात आणि त्यातल्या काही उत्तम निघतात. पण जिथून अजून एकही तुकडी बाहेर पडलेली नाही तिथे माझ्या मुख्य प्रश्नाला उत्तरच नसतं, हे जाणूनच तिथे नाव टाका.

आणि हॉस्पिटल आर्थिकदृष्ट्या उभं आहे का? 2019 मध्ये फिलाडेल्फियातलं हानेमान हॉस्पिटल दिवाळखोरीत जाऊन बंद पडलं. 550 हून अधिक रेसिडेंट आणि फेलो एका उन्हाळ्यात रस्त्यावर आले आणि देशभर जागा शोधत फिरले. त्या काळात ज्यांचं पहिलं बाळ महिन्या-दोन महिन्यांवर होतं, ज्यांचा व्हिसा त्या नोकरीवर टांगलेला होता, त्यांनी काय सोसलं असेल याची कल्पना करवत नाही. हॉस्पिटल विकलं जाणार आहे, मालकी बदलते आहे अशा बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांत असतात. रँक लिस्ट लावण्याआधी अर्धा तास त्या चाळा.

बोर्डाविषयी एक खुलासा हवा. एसीजीएमई रेसिडेन्सी केल्यावर डीओ एओएच्या बोर्डाची परीक्षा देऊ शकतो किंवा एमडींच्या बोर्डाची. बहुतेक हॉस्पिटलांना दोन्ही चालतात. पण इंटर्नल मेडिसिननंतर उपशाखेचं एबीआयएम प्रमाणपत्र हवं असेल तर आधी एबीआयएमची मूळ परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते. तेव्हा फेलोशिप डोक्यात असेल तर पहिल्यापासून तोच रस्ता धरा.

ज्यांना हातानं करायचे उपचार मनापासून आवडतात त्यांनी एसीजीएमईची 'ऑस्टिओपॅथिक रेकग्निशन' असलेल्या रेसिडेन्सी शोधाव्यात. कॉलेजात शिकलेलं हे कौशल्य तीन वर्षं वापरलं नाही तर हातातून जातं. पाठदुखी, गरोदरपणातली कंबरदुखी, खेळातल्या दुखापती यांवर डीओ डॉक्टर जे करू शकतो ते दवाखान्यात पैसे देऊन जाणारे रुग्ण मुद्दाम शोधत येतात आणि विमा कंपन्यांच्या यादीत त्याला स्वतंत्र कोडही आहेत. शिकवणारा वरिष्ठच नसेल तर ही जमेची बाजू फुकट जाते.

पैसा, गाव, व्हिसा

डीओ कॉलेजं बहुतेक खासगी आहेत. दोन लाख डॉलरच्या वर कर्ज असणं ही इथे नेहमीची गोष्ट आहे. सरकारी कर्ज असेल तर पीएसएलएफ ही कर्जमाफीची योजना नीट समजून घ्या. ना-नफा संस्थेत किंवा सरकारी नोकरीत असताना 120 पात्र हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ होतं, आणि रेसिडेन्सीतले हप्तेही त्यात धरले जातात. मात्र रेसिडेंटला नोकरीवर ठेवणारी संस्था ना-नफा किंवा सरकारी असायला हवी. नफ्यासाठी चालणाऱ्या हॉस्पिटल-साखळीच्या पगारपत्रकावर तुमचं नाव असेल तर ती तीन ते सात वर्षं या हिशेबात येत नाहीत. सर्जरीच्या मुलासाठी पाच वर्षं म्हणजे एकूण दहापैकी निम्मी. मुलाखतीत एवढंच विचारायचं: पगाराच्या कागदावर मालक म्हणून कोणाचं नाव असतं? 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला 50 हजार आणि एकूण 2 लाख डॉलरपर्यंतच मिळण्याची तरतूद आहे, त्यामुळे उरलेलं खासगी कर्ज या माफीत बसणार नाही हेही आताच्या मुलांनी गृहीत धरावं.

गावाचा विचार पालक भावनेनं करतात, मुलं हवेनं करतात. पण गावाचा विचार करायला एक ठोस कारणही आहे: अमेरिकेत निम्म्याहून जास्त डॉक्टर पुढे त्याच राज्यात व्यवसाय करतात जिथे त्यांनी रेसिडेन्सी केली. ओळखी तिथे होतात, परवाना तिथला असतो, जोडीदारही बऱ्याचदा तिथेच भेटतो. ज्याला शेवटी न्यू जर्सीत आईबाबांजवळ राहायचं आहे त्यानं सात वर्षं लांबच्या राज्यात काढून 'मग येऊ' म्हणणं सोपं नाही. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया इथे डीओंची परंपरा जुनी आहे. तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांत, विभागप्रमुखांत डीओ सहज भेटतात आणि तिथल्या मुलाखतीत कोणी 'डीओ म्हणजे काय' असं विचारत नाही.

आईवडिलांच्या एच-1बीवर अवलंबून असलेल्या एच-4 व्हिसावर वाढलेल्या, 21 वर्षांनंतर विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलांची गोष्ट वेगळी आणि कठीण आहे. त्यांना रेसिडेन्सीसाठी जे-1 किंवा एच-1बी व्हिसा देणारं ठिकाणच लागतं. जे-1 घेतला तर नंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट लागते, ती टाळायची तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं सेवा द्यावी लागते आणि अशा सवलती प्रत्येक राज्याला वर्षाला 30 च असतात. या मुलांनी अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक ठिकाणी व्हिसाबद्दल लेखी विचारावं आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातच बोलावं. नियम वारंवार बदलतात, ओळखीच्या कोणाचा पाच वर्षांपूर्वीचा अनुभव इथे कामाचा नाही.

तिथवर पोचायचं कसं

डीओंची परवाना परीक्षा कॉमलेक्स. ती द्यावीच लागते. एमडींची परीक्षा यूएसएमएलई द्यावी का, हा दरवर्षीचा वाद. 2022 पासून दोन्हींचा पहिला टप्पा फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाला, त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या गुणांचं वजन वाढलं. फॅमिली मेडिसिन पक्कं असेल आणि डीओ भरपूर घेणाऱ्या ठिकाणीच अर्ज करायचे असतील तर कॉमलेक्स पुरते. शस्त्रक्रियेच्या शाखा, भूल, रेडिऑलॉजी किंवा मोठ्या विद्यापीठाची कोणतीही रेसिडेन्सी डोळ्यांसमोर असेल तर यूएसएमएलईचा दुसरा टप्पा द्या, असंच मी सांगेन. कॉमलेक्सही चालते असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं, पण शंभर एमडींच्या गुणांशेजारी वेगळ्या मापाचा एक आकडा ठेवला की वाचणाऱ्याचा हात अडखळतो. पहिला टप्पाही मागतात का, ते त्या-त्या ठिकाणी आधी विचारून घ्या.

त्याहून मोठी अडचण अशी की अनेक डीओ कॉलेजांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं. तिसऱ्या वर्षी मुलं वेगवेगळ्या गावांतल्या हॉस्पिटलांत, खासगी दवाखान्यांत फिरतात. शिकायला तिथे बरंच मिळतं. पण ज्या शाखेत जायचं त्या शाखेचा विभागप्रमुख आपल्याला नावानं ओळखतो, हे भाग्य एमडीच्या मुलाला घरबसल्या मिळतं आणि डीओच्या मुलाला कमवावं लागतं. ते कमावण्याची जागा म्हणजे चौथ्या वर्षाच्या सुरुवातीची ऑडिशन रोटेशन. ज्या ठिकाणी रेसिडेन्सी हवी तिथे महिनाभर काम करायचं. ऑर्थोपेडिक्स, सर्जरी, इमर्जन्सीत तर हा महिना सगळ्या गुणांवर मात करतो.

तो महिना कसा दिसतो? पहाटे साडेपाचला वॉर्डात. आपल्या चार रुग्णांचं रात्रीचं पोटॅशियम, लघवीचं प्रमाण, ड्रेनमधून किती आलं हे रेसिडेंट येण्याआधी कागदावर. रात्रीच्या नर्सला नावानं हाक मारून विचारलेलं, की तीन नंबरच्या आजींना झोप लागली का. राउंडला कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही, दुपारपर्यंत वाचून सांगतो' आणि दुपारी खरंच सांगायचं. शस्त्रक्रिया संपल्यावर रुग्णाला ट्रॉलीवर घ्यायला हात पुढे करणारा विद्यार्थी सगळ्यांच्या लक्षात राहतो. हुशारीचं प्रदर्शन करणारा, दुसऱ्या विद्यार्थ्याचं उत्तर हिसकावणारा त्याहून जास्त लक्षात राहतो, पण नको त्या कारणासाठी. रँक लिस्ट लावताना प्रोग्राम डायरेक्टर रेसिडेंटांना विचारतात, 'रात्रीच्या ड्यूटीला हा बरोबर चालेल का?'

अर्जासोबत आता 'सिग्नल' पाठवता येतात, म्हणजे ठरावीक ठिकाणांना आपण विशेष इच्छुक आहोत असं कळवता येतं. ऑर्थोपेडिक्समध्ये असे 30 दिले जात होते, इतर शाखांत कमी, आणि संख्या दरवर्षी बदलू शकते. सिग्नल न दिलेल्या ठिकाणाहून मुलाखत येण्याची आशा बऱ्याच शाखांत आता नगण्य आहे. म्हणून डीओंनी ते नामांकित ठिकाणांवर उधळू नयेत. जिथे ऑडिशन केली, जिथे आधीचे डीओ आहेत, ज्या गावाशी नातं आहे, तिथे बहुतेक सिग्नल द्यावेत आणि दोन-तीन मोठ्या स्वप्नांसाठी ठेवावेत.

यादी लावताना

मॅचचं गणित 1962 मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी मांडलेल्या स्थळं जुळवण्याच्या कोड्याशी मिळतंजुळतं आहे. शॅप्ली आणि मॅचची आजची पद्धत तयार करणारे अल्विन रॉथ यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. 1998 पासून ही पद्धत उमेदवाराच्या यादीपासून सुरुवात करते. त्याचा व्यवहारातला अर्थ पालकांनीही नीट समजून घ्यावा: आपल्याला खरोखर जे सर्वात जास्त हवं ते पहिलं लिहायचं, मग ते मिळण्याची शक्यता कितीही कमी असो. पहिलं नाव हुकलं म्हणून दुसऱ्या नावावरची संधी तसूभरही कमी होत नाही. 'तिथे आपल्याला घेतील असं वाटतंय म्हणून ते वर टाक' हा प्रेमळ सल्ला मुलाचं नुकसान करतो. त्याचबरोबर, जिथे जायची अजिबात तयारी नाही ते नाव यादीत नको, कारण मॅचचा निकाल दोन्ही बाजूंना बांधील असतो. ज्या ठिकाणी मुलाखतीत रेसिडेंट दमलेले, घाबरलेले दिसले, सहा महिन्यांत दोघं सोडून गेल्याचं कळलं, तिथे 80 तासांच्या आठवड्याचा नियम कागदावरच असण्याची शक्यता धरा.

निकालाच्या आठवड्यातला सोमवार घरातल्या सगळ्यांनी मोकळा ठेवावा. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी कुठे जागा मिळाली ते कळतं, पण जागा मिळाली की नाही हे त्या सोमवारीच कळतं. नाही मिळाली तर सोप नावाची फेरी लगेच सुरू होते. रिकाम्या जागांची यादी येते, जास्तीत जास्त 45 ठिकाणी अर्ज करता येतो आणि हॉस्पिटलनं आधी संपर्क साधल्याशिवाय आपण फोन करायचा नसतो, कोणाकडून करवायचाही नसतो. ओळखीच्या डॉक्टरकाकांनी केलेला फोन नियमभंग ठरू शकतो. गुरुवारी दोन-दोन तासांच्या फेऱ्यांत प्रस्ताव येतात आणि स्वीकारला की तो बांधील. त्या दोन तासांत विचार करायला वेळ नसतो, म्हणून तो फेब्रुवारीतच करून ठेवायचा: सर्जरीचं एक वर्षाचं प्रिलिमिनरी पद घ्यायचं की दुसऱ्या शाखेची पूर्ण रेसिडेन्सी? एक वर्षाचं पद घेतलं तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा रस्त्यावर येण्याची शक्यता असते. पूर्ण रेसिडेन्सीत शाखा मनाजोगी नसेल, पण तीन वर्षांनी बोर्डाचं प्रमाणपत्र हातात असतं. ज्याचा जीव सर्जरीतच आहे आणि ज्याच्यामागे पत्रं लिहिणारे सर्जन उभे आहेत त्यानंच पहिला रस्ता धरावा. बाकीच्यांनी कोणत्या शाखा चालतील त्यांची उतरती यादी कागदावर लिहून, कॉलेजच्या सल्लागाराला दाखवून, सोमवारच्या आधी तयार ठेवावी.